युरोपियन कायद्याची सनद कुठेच मिळत नाही

विचारणाऱ्याची परिस्थिती थोडक्यात अशी: गाव डिचोली, शिक्षण पुण्यात, बी.ए. एलएल.बी.चं शेवटचं वर्ष. युरोपियन लॉमधल्या एलएल.एम.साठी नेदरलँड्समधल्या लायडन आणि मास्ट्रिख्टच्या विद्यापीठांत अर्ज करायचा आहे. फी, राहणं, विमान सगळं धरून हिशोब ३५ लाखांवर जातो आणि त्यातले २५ लाख कर्जाचे. प्रश्न तीन आहेत. करिअर युरोपियन युनियनची मुख्य कार्यालयं असलेल्या ब्रसेल्समध्ये होईल की इथे? आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले, तर पोर्तुगीज पासपोर्ट काढून घ्यावा का? आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्याचा तिकडे निभाव लागतो का?

मी हा अभ्यासक्रम २००८-०९ साली नेदरलँड्समध्ये केला. त्यानंतर सात वर्षं ब्रसेल्समध्ये स्पर्धा कायदा (कंपन्यांची मक्तेदारी आणि संगनमत रोखणारा कायदा) आणि व्यापाराची कामं केली. आता पुण्यात बसून युरोपला माल किंवा सेवा पाठवणाऱ्या कंपन्यांना सल्ला देते. म्हणजे तुम्ही ज्या रस्त्याबद्दल विचारताय त्यावरून मी जाऊन परत आले आहे. पण मी गेले तेव्हाचा युरोप आणि आताचा युरोप यांत ब्रेक्झिट झालं, व्हिसाचे नियम बदलले, फी वाढल्या. त्यामुळे माझे आकडे नको, विचार करण्याची रीत तेवढी घ्या.

तुमच्या पहिल्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत: हा विषय शिकण्यासारखा आहे का, आणि या पदवीवर पोट भरेल का. पहिल्याचं उत्तर मी न अडखळता ‘हो’ देईन. दुसऱ्याचं उत्तर एका साध्या गोष्टीपाशी येऊन थांबतं. भारतात तुम्ही बार कौन्सिलची सनद घेता आणि कोर्टात उभे राहता. जर्मनीत जर्मन कायद्याची सनद असते, फ्रान्समध्ये फ्रेंच कायद्याची. युरोपियन कायद्याची सनद कुठेच मिळत नाही. युरोपियन युनियनच्या सत्तावीस देशांच्या कायद्यांवर चढवलेला तो एक मजला आहे आणि त्यावर जायचा जिना कुठल्यातरी एका देशाच्या कायद्यातून जातो. वर्गात माझ्या शेजारी बसणारी इटालियन मुलगी तिच्या देशातलं वकिलीचं प्रशिक्षण पुरं करून परत त्याच मजल्यावर आली. माझ्याकडे वरचा मजला होता, जिना नव्हता. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि माहितीपत्रकात ते छापत नाहीत.

आता विषयाबद्दल, कारण तो खरंच सुंदर आहे. व्हॅन गेंड एन लूस हा १९६३ चा खटला सगळ्यांना पहिल्या आठवड्यात वाचायला लावतात. एका डच कंपनीने जर्मनीतून युरिया फॉर्मल्डिहाइड आणलं. त्यावरची जकात ३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेली होती. युरोपियन देशांनी आपसात केलेल्या करारात लिहिलं होतं की सदस्य देशांनी आपसातली जकात वाढवायची नाही. कंपनी म्हणाली, मग हे ५ टक्के आमच्याकडून का? सरकारांचं म्हणणं असं की करार देशादेशांत झालाय, व्यापाऱ्याने तो कोर्टात दाखवायचं कारण नाही. युरोपियन न्यायालयाच्या ॲडव्होकेट जनरलचं, म्हणजे निकालाआधी न्यायालयाला मत देणाऱ्या कायदेतज्ज्ञाचं, मतसुद्धा कंपनीच्या विरुद्ध होतं. तरी न्यायालयाने सांगितलं की या करारातून थेट माणसांना हक्क मिळतात. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करारासाठी संसदेने कायदा केल्याशिवाय सहसा तो कोर्टात चालत नाही, त्यामुळे भारतीय विद्यार्थ्याला हे वाचताना खुर्चीतून उठावंसं वाटतं. पुढच्याच वर्षी कोस्टा विरुद्ध एनेल (इटलीची सरकारी वीज कंपनी) आला. मिलानच्या एका वकिलाने किरकोळ रकमेचं विजेचं बिल भरायला नकार दिला आणि त्यातून युरोपियन कायदा देशाच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरला.

आपल्या घटनेचं ३०१ वं कलम, म्हणजे देशभर व्यापाराची मोकळीक, तुम्ही शिकला असाल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे अटियाबारी आणि ऑटोमोबाइल ट्रान्सपोर्टचे निकाल समोर ठेवून युरोपची मालाच्या मुक्त वाहतुकीची प्रकरणं वाचा. दोन न्यायालयं एकाच गाठीशी झटताना दिसतील. मला भारतीय घटना नीट कळली ती नेदरलँड्समध्ये बसून, हे थोडं लाजिरवाणं आहे पण खरं आहे.

पोटापाण्याकडे येते. आधी बंद दारं.

युरोपियन कमिशन, संसद, कौन्सिल यांतल्या कायम नोकऱ्या एप्सोच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या भरती कार्यालयाच्या, स्पर्धा परीक्षांतून भरतात आणि त्यांना सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. लक्झेंबर्गमधल्या युरोपियन न्यायालयात अशिलाची बाजू मांडायला सदस्य देशाच्या कोर्टात चालणारी सनद लागते. आपली महाराष्ट्र आणि गोव्याची सनद तिथे उपयोगाची नाही. त्या न्यायालयाचं आतलं कामकाज फ्रेंचमध्ये चालतं, निकालाचा मसुदा फ्रेंचमध्ये होतो. काहींना वाटतं की भाषा चांगली आहे, तर कायद्याचे अनुवादक होऊ. पण त्या पदासाठी २४ अधिकृत भाषांपैकी एकीवर मातृभाषेसारखी हुकूमत लागते आणि त्या भाषेच्या देशातली कायद्याची पदवी.

एक खिडकी किलकिली आहे: कमिशनचं ‘ब्लू बुक’ प्रशिक्षण. पाच महिने, विद्यावेतनासह, मार्च आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होणारं. बाहेरच्या देशांतल्यांना त्यात मोजक्या जागा मिळतात. मी दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. ज्यांना मिळालं त्यांना पुढे ओळखींचा मोठा फायदा झाला. अर्ज जरूर करा, पण त्या भरवशावर कर्ज काढू नका.

इथेच तुमचा पासपोर्टचा प्रश्न येतो. बाकीच्या मराठी विद्यार्थ्यांना हा प्रश्न पडत नाही, तुम्हाला पडतो, म्हणून त्यावर जरा थांबते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्वाचा रस्ता आहे, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ते मिळालं की वर सांगितलेली निम्मी बंद दारं उघडतात: एप्सो, व्हिसाशिवाय नोकरी, आणि युरोपियन विद्यार्थ्यांना लागणारी फी, जी तुमच्या आताच्या हिशोबाचा लहानसा भाग असेल. पण दुसऱ्या बाजूचा हिशोब कुणी करत नाही. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. आणि १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम २४ सनदेसाठी मुळात भारतीय नागरिक मागतं. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) तुम्ही घरी येऊन राहाल, जमीन-घराचं बघाल, पण म्हापशाच्या कोर्टात काळा कोट घालून उभं राहणं अवघड होऊन बसेल. थोडक्यात, एक जिना मिळवण्यासाठी दुसरा काढून द्यावा लागतो. नुसती जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व घेणं का, यावरही गोव्यात बरेच वाद झाले आहेत. त्यामुळे एजंटाच्या सांगण्यावरून सही करू नका. कागद या विषयातल्या वकिलाला दाखवा, आणि पोर्तुगालचे आजचे नियम काय आहेत ते त्याच दिवशी तपासा.

आणखी एक. पूर्वी पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे गोवेकरांसाठी स्विंडन, म्हणजे इंग्लंड असायचं. ते दार ब्रेक्झिटने लावलं. आता त्या पासपोर्टचा उपयोग तुम्ही युरोपच्या मुख्य भूमीवर, तिथली भाषा शिकून राहणार असाल तरच.

समजा पासपोर्ट घेतला नाही, तर ब्रसेल्समध्ये काहीच नाही का? आहे. स्पर्धा कायदा, व्यापार आणि जकातीची कामं करणाऱ्या मोठ्या लॉ फर्म्स, सल्लागार कंपन्या, उद्योगांच्या संघटना तिथे दाटीवाटीने आहेत आणि त्यांचं बरंचसं काम इंग्रजीत चालतं. मी अशाच एका फर्ममध्ये सात महिने ‘स्टाजिएर’ होते. स्टाजिएर म्हणजे वकील नाही, कारकूनही नाही. रात्री अकराला कागदपत्रांच्या खोक्यात बसलेला उमेदवार. पुढे तिथेच नोकरी मिळाली, काम उत्तम होतं, पण माझ्या कार्डावर कधी ‘वकील’ असं छापलं गेलं नाही. बढतीची वेळ आली तेव्हा माझ्यापेक्षा कमी अनुभवाचा, पण बेल्जियन सनद असलेला सहकारी वर गेला. राग आला होता. आता वाटतं, फर्मचं चुकलं नव्हतं, मीच चुकीच्या शिडीवर चढत होते.

परत आल्यावर मला जे कळलं ते तुम्हाला जाण्याआधीच सांगते. युरोपियन कायदा आता युरोपपुरता राहिलेला नाही. तो भोसरीत येतो, निफाडला येतो, वेर्ण्याच्या औषध कारखान्यात येतो. आणि तिथे तो वाचणारा माणूस नसतो.

एक उदाहरण देते. भोसरीचा एक नट-बोल्टवाला कारखानदार माझ्याकडे आला. चौदा वर्षांपासूनचं जर्मन गिऱ्हाईक, कधी कुरबूर नाही, आणि अचानक त्यांनी एक्सेलची शीट पाठवली: एक टन बोल्टमागे किती कार्बन डायऑक्साइड निघाला, लिहा. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक पळ काढायचा बहाणा शोधतंय. ते होतं सीबॅम, म्हणजे सीमेवरची कार्बन आकारणी. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज हे त्यातले विषय, आणि पोलादाच्या यादीत नट-बोल्टही आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, २०२६ पासून पैशांचा भाग सुरू झाला. कायद्याने जबाबदारी तिकडच्या आयातदारावर आहे, पण आकडे इकडच्या भट्टीतूनच येणार. आकडे दिले नाहीत तर आयातदाराला ठरवून दिलेले सरासरी आकडे वापरावे लागतात आणि ते उदार नसतात. आम्ही तीन आठवडे वीजबिलं आणि कच्च्या मालाच्या पावत्या घेऊन बसलो. या कामात सनद लागली नाही. लागलं ते इतकंच की नियमाचं परिशिष्ट वाचता यावं आणि ते कारखान्याच्या फोरमनला मराठीत सांगता यावं.

शेतमालाचं तसंच. २०१० साली नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली, कारण त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले. २०१४ च्या मे महिन्यापासून हापूससह सगळ्या भारतीय आंब्यांवर फळमाशीमुळे बंदी आली. ती पुढच्या वर्षी उठली. रत्नागिरीत ती बातमी म्हणून वाचली गेली. मी ती नियम म्हणून वाचली, आणि दोन्हींत फरक पडतो. कीडनाशकांच्या अंशांबद्दल युरोपचा २००५ चा ३९६ क्रमांकाचा नियम आहे. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. हे वाक्य ज्या बागायतदार संघाला वेळेवर कळतं, त्याचा कंटेनर परत येत नाही.

पुण्याच्या आयटी कंपन्यांना जीडीपीआर, म्हणजे युरोपचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नियम, लागतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. २५ मे २०१८ पासून तो लागू आहे आणि दंड जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. पण रोचक काम त्याच्या पुढचं आहे. जुलै २०२० मध्ये श्रेम्स या ऑस्ट्रियन कार्यकर्त्याच्या खटल्यातल्या दुसऱ्या निकालात युरोपियन न्यायालयाने सांगितलं की युरोपची माहिती बाहेर पाठवताना तिकडच्या देशाचं सरकार ती कशी पाहू शकतं हेही तपासा. तेव्हापासून युरोपियन गिऱ्हाइकं हिंजवडीला प्रश्नावली पाठवतात: तुमच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ काय म्हणतं? सरकारने माहिती मागितली तर तुम्ही काय कराल? याचं उत्तर फक्त डच वकील देऊ शकत नाही, फक्त भारतीय वकीलही देऊ शकत नाही. दोन्ही बाजूंचं वाचलेला माणूस लागतो. २०२३ चा आपला डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आल्यावर हे काम वाढलंय.

आणि दिल्ली विसरू नका. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्याची कलमं ३ आणि ४ युरोपच्या करारातल्या कलम १०१ आणि १०२ च्या शेजारी ठेवा, नातं लगेच दिसेल. अँड्रॉइडवरून युरोपियन कमिशनने गूगलला २०१८ मध्ये दंड केला, आपल्या स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये. स्पर्धा आयोगापुढे आणि त्यावरच्या अपील न्यायाधिकरणात युरोपचे निकाल रोज उद्धृत होतात. इथे तुमची भारतीय सनद आणि युरोपियन एलएल.एम. दोन्ही एकाच वेळी कामी येतात. ही जोडी दुर्मीळ आहे.

मग लायडन की मास्ट्रिख्ट? खरं सांगायचं तर दोन्ही चांगली, आणि नोकरी देणारा यावरून निवड करत नाही. मास्ट्रिख्टला लहान गटांत प्रकरण समोर ठेवून शिकवतात. बोलणाऱ्यांना ते मानवतं, वहीत डोकं घालणाऱ्यांना सुरुवातीला छळतं. लायडन जुनं, तिथली युरोपा इन्स्टिट्यूट भक्कम, हेग ट्रेनने जवळ. ब्रूजचं कॉलेज ऑफ युरोप १९४९ चं, ओळखींसाठी त्याच्या तोडीचं दुसरं नाही, पण कायद्याच्या विभागात इंग्रजीबरोबर फ्रेंचही हवी. संशोधनाकडे ओढा असेल तर फ्लॉरेन्सची युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूट. जर्मनीत जारब्रुकनची युरोपा इन्स्टिट्यूट पाहा. तिथला खर्च नेदरलँड्सशी ताडून बघण्यासारखा आहे. विद्यापीठाच्या नावापेक्षा निवडीचे विषय बघा. नुसता ‘युरोपियन लॉ’ घेऊन आलात तर इथे कुणी विचारणार नाही. स्पर्धा कायदा, व्यापार-जकात, माहिती संरक्षण, औषधांचे नियम, यांतला एक विषय कपाळावर लिहिलेला असला पाहिजे. तुम्ही गोव्याचे, औषध कंपन्या तुमच्या दारात. मी तुमच्या जागी असते तर औषधांच्या नियमांकडे आधी वळले असते.

शिकून झाल्यावर नोकरी शोधायला नेदरलँड्स एक वर्ष देतं, जर्मनी अठरा महिने, आयर्लंड मास्टर्सनंतर दोन वर्षांपर्यंत. वर्ष ऐकायला मोठं वाटतं. त्यातले चार महिने घर शोधण्यात आणि नकारांची पत्रं वाचण्यात जातात.

पैशांबद्दल माझं मत कडक आहे. २५ लाखांचं कर्ज घेऊन पदवीनंतर लगेच जाऊ नका. आधी सनद घ्या, दोन वर्षं कुठल्याही फर्ममध्ये किंवा कंपनीच्या कायदा विभागात काम करा, आणि युरोपशी संबंध येणारं काम मागून घ्या. मग जा. अनुभवी उमेदवाराला शिष्यवृत्ती मिळायची शक्यता वाढते, आणि वर्गात बसल्यावर कुठला प्रश्न विचारायचा ते कळतं. मी न थांबता गेले आणि पहिल्या सत्रात निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं, कारण खऱ्या अशिलाचा चेहरा मी पाहिलेलाच नव्हता. घरची परिस्थिती अशी असेल की कर्ज बुडालं तरी घर बुडणार नाही, तर माझा हा सल्ला सोडून द्या.

प्राध्यापक व्हायचं असेल तर वेगळी काळजी घ्या. परदेशातल्या एक वर्षाच्या एलएल.एम.ला भारतात समकक्ष मानायचं का, यावर बार कौन्सिलच्या २०२० च्या नियमांनी गोंधळ उडवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. शिकवण्याचा विचार असेल तर जाण्यापूर्वी त्याची आजची स्थिती पाहा. नेट परीक्षा आहेच.

म्हणजे तुमच्यापुरतं असं: युरोपात कायमचं राहायचं असेल तर पासपोर्ट, तिथली भाषा आणि तिथली सनद, तिन्हींची तयारी ठेवा, आणि त्याला पाच-सात वर्षं द्या. परत यायचं असेल तर पासपोर्ट तसाच राहू द्या, इथली सनद जपा आणि एक विषय पक्का करा.

राहिला मराठी माध्यमाचा प्रश्न. माझंही दहावीपर्यंत मराठीच. पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले, आणि मग एक ग्रीक मुलगा उठून इंग्रजीत बोलला. मग एक पोलिश मुलगी, मग एक स्पॅनिश. त्या वर्गात जवळपास कुणाचीच ती मातृभाषा नव्हती. युरोपियन न्यायालयाचं इंग्रजीसुद्धा बहुतेक वेळा फ्रेंचमधून अनुवाद होऊन आलेलं असतं. वाक्यं लांब पण सरळ, परिच्छेदांना आकडे घातलेले. आपल्या उच्च न्यायालयाच्या निकालांवर तुमचे डोळे तयार झाले असतील तर ते सोपं जाईल. अर्ज पाठवण्यापूर्वी व्हॅन गेंडचा निकाल मूळ वाचून काढा. थोडीच पानं आहेत आणि न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. वाचताना युरिया फॉर्मल्डिहाइडचा कंटाळा आला तर मला तसं कळवा, आपण तुमचे २५ लाख वाचवू.